मॅक्टिअर्ननची क्रमवारी लावताना पहिला आठवडा बाजूला ठेवा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दारव्ह्याला बसून तुम्ही हॉलिवूडचा दिग्दर्शक जॉन मॅक्टिअर्ननचे अकराही चित्रपट पाहिले आणि दोन रकान्यांचा तक्ता केला. एका रकान्यात जगभरची कमाई, दुसऱ्यात आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षकांनी दिलेले गुण, दोन्हींना पन्नास-पन्नास टक्के वजन. बेरजेत तिसरा 'डाय हार्ड' पहिला आला, आणि नुसत्या कमाईच्या रकान्यात 'प्रिडेटर' सहाव्या जागी गेला. मन मानत नाही, म्हणून तुम्ही विचारता की कमाईचं वजन तीस टक्के करू का वीस.

वजनाला हात लावू नका, असं माझं सांगणं आहे. मनाजोगता निकाल येईपर्यंत वजन बदलत राहिलात, तर तो तक्ता कुणाचंच काही सांगणार नाही. अडचण तुमच्या रकान्यांतच आहे. कमाईचा एक आकडा म्हणजे चार वेगवेगळ्या गोष्टींचं गाठोडं असतं: नटाची ओढ, प्रसिद्धी, सुट्टीचा हंगाम आणि दिग्दर्शकाचं काम. तुम्हाला क्रमवारी दिग्दर्शकाची लावायची आहे, म्हणजे त्या गाठोड्यातून त्याचा वाटा वेगळा काढावा लागेल. पूर्ण वेगळा तो कधीच निघत नाही. पण बराचसा निघतो.

मी हे कुठून शिकलो ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं कितपत घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. १९८९ पासून मी अमरावतीच्या एका वितरण कचेरीत प्रतिनिधी होतो. आपला विदर्भ आणि त्याला लागून असलेला मध्य प्रदेश-छत्तीसगडचा काही भाग सिनेमाच्या धंद्यात आजही 'सी.पी. बेरार' म्हणूनच ओळखला जातो. प्रिंटच्या, म्हणजे चित्रपटाच्या रिळांच्या, पेट्या एसटीच्या टपावर टाकून यवतमाळ, पुसद, दिग्रस, वणी, घाटंजी असं फिरायचं. थिएटरात पोचलं की तिकीटबुकांचे सुरुवातीचे नंबर लिहून घ्यायचे, शो सुटला की शेवटचे नंबर. मध्यंतरात टॉर्च घेऊन थर्ड (पुढच्या स्वस्त रांगा), फर्स्ट आणि बाल्कनीतली डोकी मोजायची. रात्री रोजचा कलेक्शन रिपोर्ट, म्हणजे डीसीआर, भरायचा. नंतर बारा वर्षं यवतमाळ जिल्ह्यातच एक थिएटर भाड्यानं घेऊन चालवलं. त्यामुळे सिनेमाच्या कमाईकडे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे, मागणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या.

एका गावात तर मी मोजलेली डोकी आणि डीसीआरवरचा आकडा चार दिवस जुळले नाहीत. थर्डची जुनी तिकिटं दुसऱ्यांदा विकली जात होती. तेव्हापासून कुठलाही आकडा दिसला की तो कुणी, कुठे उभं राहून मोजला, हे मी आधी विचारतो. तुम्हीही विचारा. अमेरिकेतले आकडे बऱ्यापैकी शिस्तीत नोंदले जातात, ही तुमच्यासाठी चांगली गोष्ट आहे. आपल्याकडच्या त्या काळच्या दिग्दर्शकाची अशी क्रमवारी लावायला घेतली असती, तर निम्मा वेळ आकडा खरा की खोटा यातच गेला असता.

आता मुख्य मुद्दा. दिग्रसकडच्या एका थिएटरात एक म्हातारा डोअरकीपर होता. त्यानं मला पहिल्याच वर्षी सांगितलं, "साहेब, पयल्या दिवशी मानूस पोस्टर पाहून येते. दुसऱ्या सोमवारी येते तो शेजाऱ्यानं सांगतलं म्हनून येते." पुढे वीस वर्षं मी हे तपासत राहिलो, आणि ते खोटं पडलेलं फार क्वचित पाहिलं. एकदा ऐन दिवाळीत एक मोठ्या नटाचा मारधाडीचा चित्रपट लावला. पहिल्या वेच्याच्या कापसाचे पैसे घरात आलेले, त्यामुळे आठ दिवस बाहेर 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड टांगलेला. दुसऱ्या सोमवारी संध्याकाळच्या शोला बेचाळीस तिकिटं गेली. त्याच थिएटरात पुढच्या जुलैत, पेरणी चालू, पाऊस लागलेला, कुणाच्या खिशात पैसा नाही, अशा वेळी नाव नसलेल्या दिग्दर्शकाचा एक चित्रपट लावावा लागला. पहिल्या दिवशी साठ माणसं होती, दुसऱ्या सोमवारी एकशे ऐंशी. एकूण बेरीज पाहिली तर दिवाळीचा चित्रपट कितीतरी पुढे. पण दिग्दर्शकानं माणूस खुर्चीत बसवला आणि बाहेर पडल्यावर त्याला बोलायला लावलं, ते जुलैत.

आमच्याकडे समीक्षण म्हणजे यवतमाळहून आलेल्या एसटीतून उतरणारा माणूस. प्रिंट मोठ्या शहरांत फिरून आमच्याकडे उशिरा यायची, तोवर 'रिपोर्ट' गावात येऊन बसलेला असायचा. २००५ नंतर उपग्रहावरून डिजिटल सिनेमा यायला लागला, लहान गावांतही शुक्रवारीच चित्रपट लागू लागला आणि पहिले तीन दिवस पोस्टरच्या जोरावर निघू लागले. म्हणून दोन काळांतले चित्रपट एका मापानं मोजताना जपायला हवं. त्याकडे येतोच.

दुसऱ्या सोमवारचं हे माप तुमच्या तक्त्यात असं आणा. अमेरिकेतली एकूण कमाई पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारच्या कमाईनं भागा. कितीपट आली ते पाहा. 'रोलरबॉल' (२००२) सुमारे ९० लाख डॉलरवर उघडला आणि १ कोटी ९० लाखांवर थांबला, म्हणजे जेमतेम दुप्पट. 'बेसिक' (२००३) सव्वादोन पटीच्या आसपास. 'द थर्टीन्थ वॉरियर' आणि 'लास्ट अ‍ॅक्शन हीरो' सव्वातीन पटीच्या आसपास. तुमच्या यादीत पहिला आलेला तिसरा 'डाय हार्ड' (१९९५) साडेचार पट: २ कोटी २२ लाखांवर उघडला, १० कोटींवर गेला. 'प्रिडेटर' (१९८७) पाच पट. 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' (१९९०) सात पट. आणि पहिला 'डाय हार्ड' (१९८८) आधी आठवडाभर फक्त एकवीस थिएटरांत होता, मग सगळीकडे लागला. त्या मोठ्या शुक्रवार-शनिवार-रविवारी ७१ लाख डॉलर आले, आणि शेवटी ८ कोटी ३० लाख. जवळजवळ पावणेबारा पट.

हा आकडा मी पहिल्यांदा काढला तेव्हा खूप वेळ त्याच्याकडे पाहत बसलो होतो. त्यातला नायक ब्रूस विलिस तेव्हा टीव्हीवरचा नट होता. त्याला पन्नास लाख डॉलर दिल्याची चर्चा चित्रपटापेक्षा जास्त झाली होती. सुरुवातीच्या जाहिरातीत तर त्याच्या चेहऱ्यापेक्षा इमारतच मोठी दाखवली गेली. म्हणजे पोस्टरनं ओढून आणलेला हा प्रेक्षक नाही. तो सांगण्यावरून आलेला आहे, आठवड्यामागून आठवडे. कुठल्याही थिएटरवाल्याला विचारा, असा चित्रपट वर्षात एखादाच मिळतो.

तुम्ही म्हणाल, जुन्या काळी चित्रपट असेही जास्त दिवस चालत, मग 'रोलरबॉल'वर अन्याय होतो. बरोबर आहे. २००२ पर्यंत एकाच दिवशी हजारो पडद्यांवर लागून लवकर उतरायची रीत पक्की झाली होती. म्हणून या पटींची तुलना शक्यतो त्याच वर्षातल्या दुसऱ्या चित्रपटांशी करायची. 'लास्ट अ‍ॅक्शन हीरो' १८ जून १९९३ ला लागला, 'ज्युरासिक पार्क'नंतर बरोबर एका आठवड्यानं. त्याच उन्हाळ्यातला 'ज्युरासिक पार्क' सात पटीच्या वर गेला, हा सव्वातीनवर थांबला. तारीख वाईट होती हे खरंच, जत्रेच्या दिवशी शेजारच्या गावात शो लावण्यासारखी. पण पहिल्या आठवड्यात जी माणसं आली, त्यांनीही बाहेर जाऊन कुणाला सांगितलं नाही. तारखेला सगळा दोष देता येत नाही.

जगभरच्या कमाईबद्दलही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तिसऱ्या 'डाय हार्ड'ची एकूण कमाई सुमारे ३६ कोटी ६० लाख डॉलर, त्यातले २६ कोटींच्या वर अमेरिकेबाहेरचे. पहिल्याची सुमारे १४ कोटी, त्यातला बराच मोठा भाग अमेरिकेतला. सात वर्षांत परदेशातला बाजार वाढला, आणि मधल्या काळात रेनी हार्लिनच्या दुसऱ्या भागानं नाव आणखी पसरवलं. तिसऱ्या भागाच्या दारात उभी असलेली गर्दी पहिल्या भागानं गोळा केलेली होती. ते श्रेय मॅक्टिअर्ननचंच आहे, पण ते १९८८ च्या खात्यावर जमा व्हायला हवं.

दुसरी गोष्ट तिकिटाच्या दराची. १९८७ मध्ये अमेरिकेत सरासरी तिकीट ३.९१ डॉलर होतं, १९८८ मध्ये ४.११, १९९५ मध्ये ४.३५, आणि १९९९ मध्ये पाच डॉलरच्या थोडं वर. कमाईला दरानं भागा, म्हणजे डोकी निघतात. हिशेब अंदाजाचा आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. 'रेड ऑक्टोबर'ला सुमारे २ कोटी ९० लाख माणसं आली. तिसऱ्या 'डाय हार्ड'ला २ कोटी ३० लाख, पहिल्याला २ कोटी, 'प्रिडेटर'ला दीड कोटी, 'द थॉमस क्राउन अफेअर'ला १ कोटी ३७ लाख, 'लास्ट अ‍ॅक्शन हीरो'ला १ कोटी २० लाख. तुमच्या रकान्यात 'प्रिडेटर' 'थॉमस क्राउन' आणि 'लास्ट अ‍ॅक्शन हीरो'च्याही मागे पडला होता, पण त्या दोघांपेक्षा त्यानं अमेरिकेत जास्त माणसं आत बसवली. तुमचं मन मानत नव्हतं त्याला आधार होता. आणि माणसांच्या हिशेबात सगळ्यात पुढे 'रेड ऑक्टोबर' आहे, जो तुमच्या प्रश्नात नावालाही आला नाही.

खर्चाकडेही एक नजर टाका. तिकीटबारीवर आलेला सगळा पैसा निर्मात्याचा नसतो. आमच्याकडे ग्रॉसमधून, म्हणजे तिकीटबारीवरच्या एकूण जमेतून, आधी करमणूक कर जायचा, मग थिएटरचं भाडं, आणि उरलेल्याला 'शेअर' म्हणायचे. अमेरिकेतही ढोबळ मानानं निम्मा पैसा थिएटरकडे राहतो. म्हणजे चित्रपटानं खर्चाच्या दुप्पट तरी ग्रॉस केला पाहिजे, आणि प्रसिद्धीचा खर्च त्यावर वेगळा. 'लास्ट अ‍ॅक्शन हीरो'चा खर्च साडेआठ कोटी डॉलर आणि जगभरची कमाई १३ कोटी ७० लाख. तुमच्या कमाईच्या रकान्यात तो चौथा आला, पण थिएटरमधून तो तोट्यात गेलेला चित्रपट आहे. 'प्रिडेटर' दीड कोटी ते १ कोटी ८० लाखांत झाला आणि ९ कोटी ८० लाख आणले. 'रेड ऑक्टोबर' तीन कोटींत झाला, वीस कोटी आणले. या एका भागाकारानंच तुमच्या यादीची वरची अर्धी बाजू बदलून जाईल.

इथवरचं थोडक्यात धरून ठेवा: जगभरच्या ग्रॉसचा एक रकाना काढून त्याजागी तीन घ्या, म्हणजे पहिल्या तीन दिवसांच्या कितीपट, माणसं किती, आणि खर्चाच्या कितीपट. तिन्हींत प्रत्येक चित्रपटाला फक्त क्रमांक द्या. डॉलर आणि पट एकमेकांत मिळवू नका.

समीक्षणांचा रकाना याहून नाजूक आहे. आयएमडीबीचे गुण कोण देतं? ज्यांनी तो चित्रपट शोधून पाहिला ती माणसं, आणि बहुतेक खूप वर्षांनी. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाची टक्केवारी तर गुण नाहीतच. दहा समीक्षकांनी दहापैकी सहा गुण दिले आणि सगळ्यांचा कल बरा असला, तर तिथे शंभर टक्के दिसतात. त्याशिवाय १९८७ च्या चित्रपटाखाली जी समीक्षणं मोजलेली असतात, त्यांतली बरीच या शतकात लिहिलेली असतात. म्हणून मी तुम्हाला दोन रकाने करायला सांगेन: तेव्हा काय म्हणाले, आणि आता काय म्हणतात.

'डाय हार्ड'च्या बाबतीत हा फरक डोळ्यात भरतो. १९८८ मध्ये शिकागोच्या रॉजर एबर्ट या समीक्षकानं त्याला चारपैकी दोन तारे दिले. त्याची मुख्य तक्रार चित्रपटातल्या पोलीस उपप्रमुखाच्या पात्राबद्दल होती, आणि मला आजही ती तक्रार पटते. ते पात्र फार मूर्ख दाखवलंय. पण २०१७ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं हाच चित्रपट जतन करायच्या राष्ट्रीय यादीत घेतला. 'प्रिडेटर'चंही तसंच. तेव्हाची मतं दुभंगलेली होती, आज त्याला वाईट म्हणणारा शोधावा लागतो. 'रेड ऑक्टोबर'ला मात्र तेव्हाही चांगलं म्हटलं गेलं, त्याला ध्वनिपरिणामांच्या संपादनाचं ऑस्करही मिळालं, आणि आजही त्याचं नाव टिकून आहे. दोन्ही काळांत वर राहणं कठीण असतं.

दोन्हींत मत वेगळं पडलं तर कुणाचं धरायचं? हे तुम्ही क्रमवारी कशासाठी लावता यावर आहे. त्या त्या वेळी निर्माते त्याला पुढचा चित्रपट का देत होते, हे दाखवायचं असेल तर 'तेव्हा'चं धरा. आज नव्या मुलानं यातलं काय आधी पाहावं हे सांगायचं असेल तर 'आता'चं. तुमच्या प्रश्नावरून मला दुसरं वाटतं, म्हणून मी 'आता'ला थोडं जास्त मानीन. पण 'तेव्हा'चा रकाना पुसणार नाही. समीक्षकांनी नाकारलेला आणि लोकांनी उचलून धरलेला चित्रपट दिसतो तो त्याच रकान्यामुळे.

एक चित्रपट रकान्यांत बसणार नाही, तो 'द थर्टीन्थ वॉरियर'. चित्रीकरण १९९७ चं, प्रदर्शन ऑगस्ट १९९९ चं. मधल्या काळात मूळ कादंबरीचे लेखक मायकल क्रायटन यांनी काही भाग पुन्हा चित्रित केला. नाव मॅक्टिअर्ननचं आहे, पण पडद्यावरचं सगळं त्याचं नाही. याचा दोष पूर्ण त्याच्यावर टाकू नये, आणि त्यातल्या चांगल्या प्रसंगांचं श्रेयही पूर्ण देऊ नये. मी त्याच्यापुढे चांदणी काढून खाली कारण लिहीन. 'रोलरबॉल'ला तशी सवलत देणार नाही. तोही प्रदर्शनाआधी कापून मवाळ केला गेला, पण जे शिल्लक आहे त्यातही कोण कुठे आहे हे कळत नाही. आणि हेच तर या माणसाचं खरं बळ होतं! पहिला 'डाय हार्ड' पुन्हा पाहा. लिफ्टची विहीर, छत, तिसावा मजला, अर्धवट बांधकामाचा मजला, सगळं तुमच्या डोक्यात बसलेलं असतं. आमच्याकडे वर्षांनंतर हिंदीत डब झालेले असे चित्रपट लागायचे, अर्धे संवाद भोंग्यात विरून जायचे, तरी थर्डमधल्या माणसाला वैरी कुठून येतोय हे नेमकं कळायचं. माझ्या मते अ‍ॅक्शनच्या दिग्दर्शकाची पहिली परीक्षा हीच आहे. ती कुठल्या रकान्यात घालता येत नाही, पण दुसऱ्या सोमवारी तिकिटं का फाटतात त्याचं बरंचसं उत्तर तिथे आहे.

या हिशेबानं माझा क्रम असा लागतो. 'डाय हार्ड' पहिला, 'रेड ऑक्टोबर' दुसरा, 'प्रिडेटर' तिसरा, 'डाय हार्ड'चा तिसरा भाग चौथा, 'थॉमस क्राउन' पाचवा. पहिल्या दोघांत अंतर थोडं आहे. माणसं आणि खर्च या दोन्हींत 'रेड ऑक्टोबर' पुढे आहे. पण त्याच्या पोस्टरवर शॉन कॉनरी होता आणि मागे टॉम क्लॅन्सीची गाजलेली कादंबरी होती. 'डाय हार्ड'जवळ यातलं काही नव्हतं, म्हणून मी त्याला वर ठेवतो. कुणी उलटं लावलं तर मी वाद घालणार नाही. सहाव्या जागी 'लास्ट अ‍ॅक्शन हीरो', तोट्यात गेला असला तरी. त्याच्याकडे हल्ली लोक प्रेमानं परत जाताहेत, आणि 'आता'चा रकाना पुढच्या दहा वर्षांत त्याला आणखी वर नेईल असं मला वाटतं. त्यानंतर चांदणीसह 'थर्टीन्थ वॉरियर', मग 'मेडिसिन मॅन', 'नोमॅड्स', 'बेसिक', आणि शेवटी 'रोलरबॉल'. 'नोमॅड्स' हा त्याचा पहिलाच, लहान चित्रपट. त्याला इतक्या मोठ्या चित्रपटांच्या ओळीत उभं करणंच बरोबर नाही, वाटल्यास बाहेर ठेवा. २००३ नंतर त्याचा चित्रपट नाही. मध्ये न्यायालयीन प्रकरण झालं, २०१३-१४ मध्ये तुरुंगवासही झाला. ते कारकिर्दीच्या हकिकतीत लिहा, गुणांत धरू नका.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की तुम्हाला स्वतःला 'प्रिडेटर' सगळ्यात जास्त आवडतो आणि तो पहिला यावा असं वाटतं. मलाही तो फार आवडतो. तक्त्यात तो तिसराच राहू द्या. त्याखाली जागा सोडून, तुमच्या नावानं, तुम्ही त्याला पहिला का मानता ते चार ओळींत लिहा. माझ्यासारखा माणूस तुमच्या रकान्यांआधी त्या चार ओळी वाचेल.